जिकी आणि शालिमार

जिकी आणि शालिमार ही पॅरिसच्या गेर्लँ या सुगंधद्रव्य-घराण्याची दोन प्रसिद्ध परफ्यूम आहेत. जिकीची रचना १८८९ साली एमे गेर्लँ यांनी केली. शालिमार हे त्यांचे पुतणे झाक गेर्लँ यांनी १९२० च्या दशकात घडवले. दोहोंच्याही तळाशी व्हॅनिलाचा गोड गंध आहे आणि दोन्ही आजतागायत विक्रीत आहेत. शालिमार जिकीतूनच जन्माला आले अशी आख्यायिका असल्यामुळे सुगंधविषयक लेखनात या दोहोंची तुलना वारंवार केली जाते. गोड व्हॅनिलाचा, पण जुन्या घडणीचा सुगंध शोधणाऱ्यापुढेही यांपैकी कोणते घ्यावे असा प्रश्न पुष्कळदा उभा राहतो. 'जे अधिक गोड ते' हे त्याचे उत्तर फसवे आहे. दोहोंतील खरा फरक गोडीच्या मात्रेपेक्षा ती गोडी कोणत्या गंधाच्या शेजारी ठेवली आहे, यात आहे.

व्हॅनिला आणि व्हॅनिलीन

व्हॅनिला ही मूळची मेक्सिको व मध्य अमेरिकेतील, आमर कुळातील वेल. तिच्या हिरव्या शेंगेला वास जवळजवळ नसतो. शेंगा उकळत्याहून थोड्या कमी तापलेल्या पाण्यात बुडवून, घाम आणून व अनेक आठवडे वाळवून मुरवल्या, म्हणजे त्यांत व्हॅनिलीन हे द्रव्य मोकळे होते. मुरलेल्या शेंगेत त्याचे प्रमाण वजनाच्या सुमारे दोन टक्के असते. उरलेला गंध इतर शेकडो द्रव्यांच्या अल्पांशांचा असतो. खऱ्या शेंगेला तंबाखू, चामडे, मनुका अशा गंधांची जी खोली असते ती या अल्पांशांमुळे.

युरोपीय लोकांनी ही वेल हिंदी महासागरातील बूर्बाँ (आजचे रेयुनियाँ) बेटावर नेली. तेथे ती फोफावली, फुलली. पण परागण करणारे कीटक तेथे नसल्याने शेंगा धरेनात. १८४१ साली एडमाँ आल्ब्यूस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने बारीक काडी व अंगठा यांच्या साहाय्याने फुलातील पडदा बाजूला सारून हाताने परागण करण्याची सोपी रीत शोधून काढली. जगातील व्हॅनिलाची लागवड आजही मुख्यतः याच रीतीने होते. फूल एकच दिवस उमलते, त्यामुळे हंगामात रोज सकाळी प्रत्येक वेलीपाशी माणसाला जावे लागते. व्हॅनिला महाग असण्याचे हे एक मोठे कारण आहे. या शोधाने बेटाची व पुढे मादागास्करची भरभराट झाली. आल्ब्यूसला १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर स्वातंत्र्य मिळाले, परंतु १८८० साली तो दारिद्र्यातच मरण पावला. परफ्यूमच्या इतिहासात अत्तरकारांची नावे ठळक अक्षरांत येतात. ज्याच्या हातामुळे हा गंध जगभर पोहोचला त्याचे नाव मात्र क्वचितच आढळते.

व्हॅनिलीन शुद्ध स्वरूपात १८५८ साली फ्रेंच औषधशास्त्रज्ञ निकोला-तेओदोर गोब्ले यांनी वेगळे केले. १८७४ मध्ये फेर्डिनांड टीमान व विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी सूचिपर्णी वृक्षांच्या रसातील कोनिफेरीन या द्रव्यापासून ते कृत्रिमरीत्या तयार केले आणि होल्झमिंडेन येथे त्याचा कारखाना उभा राहिला. त्याआधी, १८६८ साली, विल्यम हेन्री पर्किन यांनी क्युमरीनचे संश्लेषण केले होते. क्युमरीन हे टोंका नावाच्या दक्षिण अमेरिकी बियांत असते. नुकत्याच कापलेल्या व वाळू लागलेल्या गवताला जो गोडसर वास येतो तोही त्याचाच. पॉल पार्के यांनी १८८२ मध्ये उबिगाँ या घराण्यासाठी रचलेल्या 'फुजेर रोयाल' या परफ्यूममध्ये कृत्रिम क्युमरीन वापरले गेले. जिकी त्यानंतर सात वर्षांनी आले. व्हॅनिलीन आणि क्युमरीन ही दोन द्रव्ये हाती नसती तर जिकी व शालिमार यांपैकी एकही संभवले नसते.

जिकी

गेर्लँ घराण्याची स्थापना पिएर-फ्रांस्वा-पास्काल गेर्लँ यांनी १८२८ साली पॅरिसमध्ये केली. त्यांच्या मागे गाब्रिएल या मुलाने व्यवहार सांभाळला आणि एमे (१८३४–१९१०) या दुसऱ्या मुलाने सुगंधरचना. तोवर युरोपातील परफ्यूम बहुतेक एखाद्या फुलाचे वा फुलांच्या गुच्छाचे अनुकरण करीत आणि नावेही तशीच असत. जिकी कोणत्याच फुलासारखे नव्हते. एमे यांनी लॅव्हेंडर, बर्गमॉट व रोझमेरी यांच्या टवटवीत, काहीशा औषधी गंधाखाली व्हॅनिलीन व क्युमरीन यांची गोडी ठेवली आणि त्याही खाली सिव्हेट, म्हणजे जवादी मांजराच्या ग्रंथींतून मिळणारे उग्र, प्राणिज सुगंधद्रव्य. निसर्गातील कशाची तरी नक्कल करण्याऐवजी एक स्वतंत्र भाव निर्माण करणारे परफ्यूम म्हणून जिकीला आधुनिक परफ्यूमच्या आरंभीच्या कृतींत गणले जाते. आयफेल टॉवर पॅरिसमध्ये खुला झाला तेही याच वर्षी, हा योगायोग फ्रेंच लेखकांना फार प्रिय आहे.

नावाविषयी दोन कथा आहेत. एकीनुसार जिकी हे एमे यांच्या इंग्लंडमधील विद्यार्थिदशेतील प्रेयसीचे लाडके नाव. दुसरीनुसार ते पुतण्या झाकचे घरगुती नाव. दुसरी कथा कमी रम्य, पण घरातल्या घरात घडलेली असल्याने अधिक पटण्याजोगी वाटते.

जिकी स्त्रियांसाठी काढले गेले, परंतु आरंभी त्याचे चाहते पुरुषांतच अधिक होते असे सांगितले जाते. त्या काळी लॅव्हेंडर हा दाढीनंतर लावण्याच्या पाण्याचा, म्हणजे पुरुषांच्या स्वच्छतेचा वास मानला जाई. आज ते स्त्रीपुरुष दोघेही वापरतात.

शालिमार

झाक गेर्लँ (१८७४–१९६३) हे गाब्रिएल यांचे पुत्र. काकांच्या हाताखाली शिकून ते घराण्याचे प्रमुख अत्तरकार झाले. शालिमारची रचना १९२१ सालची मानली जाते. १९२५ साली पॅरिसमध्ये भरलेल्या सजावटी व औद्योगिक कलांच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात ते मोठ्या थाटाने मांडण्यात आले. 'आर्ट डेको' या कलाशैलीला नाव मिळाले ते याच प्रदर्शनावरून. बाकारा या प्रसिद्ध काचकारखान्याने घडवलेली, निळ्या पंख्यासारख्या बुचाची शालिमारची बाटली रेमाँ गेर्लँ यांनी रेखाटली होती. मुघल बागांतील कारंज्यांच्या कुंडांवरून तिचा आकार सुचला असे सांगतात. फ्रान्समध्ये मात्र तिच्या पसरट खांद्यांमुळे तिला 'वटवाघूळ' असे टोपणनाव पडले.

शालिमारच्या जन्माची कथा अशी : एथिल व्हॅनिलीन या नव्या कृत्रिम द्रव्याचा नमुना झाक यांच्या हाती आला. त्याचा परिणाम पाहावा म्हणून त्यांनी त्यातले बरेचसे जिकीच्या बाटलीत ओतले आणि शालिमार तयार झाले. एथिल व्हॅनिलीन हे व्हॅनिलीनचेच भावंड आहे. व्हॅनिलीनच्या रेणूतील मेथॉक्सी गटाच्या जागी एथॉक्सी गट बसवला की ते मिळते, आणि त्याचा गंध व्हॅनिलीनपेक्षा सुमारे तिप्पट तीव्र असतो. कथेचा गाभा रासायनिकदृष्ट्या पटतो. एवढ्याने शालिमार तयार होत नाही, हेही तितकेच खरे. दोहोंचा वास शेजारीशेजारी घेतल्यास लॅव्हेंडर जवळजवळ नाहीसे झालेले दिसते. त्याच्या जागी बर्गमॉटचा फार मोठा अंश, गुलाब, जाई, ओरिसचे (आयरिसच्या मुळाचे) पीठ, पाच, वाळा, धुरकट चामड्याचा गंध आणि सुगंधी राळा आलेल्या आहेत. हा ओतण्याचा नव्हे, पुन्हा रचण्याचा उद्योग आहे. शनेल क्रमांक ५ चे रचनाकार एर्नेस्त बो यांच्या नावावर एक उद्गार सांगितला जातो. त्याचा आशय असा, की इतके व्हॅनिला आपण वापरले असते तर दुधा-अंड्याचे गोड कस्टर्ड तयार झाले असते, झाक मात्र त्यातून शालिमार घडवतात. आख्यायिकेपेक्षा या उद्गारात अधिक तथ्य आहे.

नावामागील कथा आणि इतिहास

शालिमारच्या जाहिरातींत शहाजहान व मुमताज महल यांच्या प्रेमाची कथा आरंभापासून सांगितली गेली : लाहोरच्या शालिमार बागेत हे दोघे रमत, आणि त्या बागेच्या स्मृतीने हे परफ्यूम घडले. कालक्रम तपासता ही कथा टिकत नाही. मुमताज महल जून १६३१ मध्ये बऱ्हाणपूर येथे चौदाव्या बाळंतपणात मरण पावली. शहाजहान तेव्हा दक्षिणेच्या मोहिमेवर होता. बऱ्हाणपूर ही तापीकाठची खानदेश सुभ्याची राजधानी. आज ते मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्याच्या सीमेलगत आहे. मुमताजचे पहिले दफन तेथेच, नदीपलीकडील झैनाबादच्या बागेत झाले आणि नंतर तिचे शव आग्र्याला नेण्यात आले. लाहोरच्या शालिमार बागेचे काम १६४१ मध्ये सुरू झाले, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. त्या बागेत ती कधी पाऊल ठेवणे शक्य नव्हते. श्रीनगरची शालिमार बाग जुनी आहे. ती १६१९ मध्ये जहांगीराने वसवली आणि तिच्याशी नूरजहानचे नाव जोडले जाते. जाहिरातीतील जोडी एका पिढीची, तर बाग दुसऱ्या पिढीची किंवा दुसऱ्या गावची, असा हा घोटाळा आहे. अनेक संकेतस्थळांवर व पुस्तकांत तो आजही जसाच्या तसा उतरवला जातो.

मुघल बागेला व्हॅनिलाचा वास नसणार, हे वेगळे सांगायला नको. ही अमेरिकी वेल तेव्हा भारतात नव्हती. त्या दरबाराचे सुगंध म्हणजे गुलाब, चंदन, अगरू, कस्तुरी व अंबर. गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानची आई अस्मत बेगम हिने लावल्याची नोंद स्वतः जहांगीराने आपल्या आत्मवृत्तात केली आहे. तरीही शालिमारमध्ये काश्मीरचा एक खरा धागा आहे, तो पाच या वनस्पतीचा. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपला पाठवताना कसर लागू नये म्हणून त्यांच्या घड्यांत पाचेची वाळकी पाने घालीत. त्या वासावरून अस्सल शाल ओळखता येते अशी पॅरिसमध्ये समजूत झाली, आणि अत्तरकारांनी पाच आपलीशी केली. मराठी घरांत ही वनस्पती गजऱ्यात मरवा व दवणा यांच्यासोबत ओवली जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये पौर्वात्य वस्तूंचे, नृत्यांचे व वेशभूषांचे वेड होते. शालिमार हे त्या वेडाचे अपत्य आहे. व्हॅनिला, राळ व प्राणिज गंध यांवर उभ्या असलेल्या परफ्यूमच्या गटाला त्यामुळेच दीर्घकाळ 'ओरिएंटल' म्हणत. अलीकडे हा शब्द मागे पडून त्या जागी 'अंबर' हा शब्द वापरला जातो. या गटातील पहिले परफ्यूम शालिमार नव्हे. फ्रांस्वा कोटी यांचे एमरोद हे त्याच्या फार जवळचे परफ्यूम १९२१ मध्येच बाजारात आले होते.

दोहोंतील फरक

परफ्यूममधील द्रव्ये एकाच वेळी उडत नाहीत. लिंबूवर्गीय तेले काही मिनिटांत, फुलांचे व पानांचे गंध तासा-दोन तासांत ओसरतात; राळा, व्हॅनिलीन व प्राणिज द्रव्ये मागे उरतात. लॅव्हेंडरमधील लिनालूलचा उत्कलनबिंदू सुमारे १९८ अंश सेल्सिअस आहे, तर व्हॅनिलीनचा सुमारे २८५. दोघांच्या रेणूंचे वजन जवळपास सारखे असूनही व्हॅनिलीनचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात. म्हणून कोणतेही व्हॅनिला-परफ्यूम हे आरंभापेक्षा शेवटी अधिक गोड असते. जिकी व शालिमार यांची तुलना कोणत्या क्षणी केली, यावर तिचा निकाल अवलंबून असतो.

पहिल्या अर्ध्या तासात दोहोंत साम्य फारसे नसते. जिकीत लॅव्हेंडर व रोझमेरी यांचा थंड, कोरडा वास पुढे असतो आणि त्यालाच चिकटून सिव्हेटचा उग्र वास येतो. स्वच्छ कपड्यांची घडी आणि गोठा एकाच दमात आठवावा अशी ही जोडणी आहे, आणि अनेकांना ती पहिल्या भेटीत रुचत नाही. शालिमार बर्गमॉटच्या आंबटगोड चमकेने सुरू होते, पण लगेच खालून धूर व चामडे जाणवू लागते. ज्यांनी 'व्हॅनिला' म्हणून केवळ आईस्क्रीम अपेक्षिले असेल त्यांना हा धूर गोंधळात टाकतो.

त्यानंतर दोन्ही परफ्यूम एकमेकांच्या दिशेने सरकतात. जिकीतील लॅव्हेंडर विरते आणि टोंका-व्हॅनिलाची मऊ, बदामासारखी, वाळल्या गवताची गोडी उरते. शालिमारमध्ये ऊद (बेंझॉइन), ओपोपोनॅक्स ही बोळाच्या जातीची गोड राळ व व्हॅनिला यांचा दाट थर बसतो. येथे मराठी वाचकाला एक सोय आहे. घरात संध्याकाळी निखाऱ्यावर जो ऊद टाकतात त्याच प्रकारच्या राळेचा गंध शालिमारच्या तळाशी आहे. सयामी ऊदात तर व्हॅनिलीन निसर्गतःच असते. शालिमारचा शेवट ओळखीचा वाटतो तो यामुळे. जिकीच्या शेवटास असा धूपाचा आधार नाही. ते अंगाजवळ, हलके व कोरडे राहते.

थोडक्यात सांगायचे तर जिकीत व्हॅनिला ही लॅव्हेंडरची तीक्ष्णता सांभाळणारी सोबतीण आहे. शालिमारमध्ये ती यजमानीण आहे, आणि बर्गमॉट, धूर, चामडे ही सारी मंडळी तिची गोडी अति होऊ नये म्हणून बोलावलेली आहेत. एकविसाव्या शतकातील गोड परफ्यूमची सवय असलेल्यांना मात्र दोन्ही फारशी गोड वाटत नाहीत. त्याचे कारण एथिल माल्टॉल हे साखरेच्या पाकासारखा, जत्रेतल्या 'बुढ्ढी के बाल'सारखा वास देणारे द्रव्य. १९९२ मध्ये आलेल्या म्युग्लर यांच्या एंजल या परफ्यूमपासून त्याचा सढळ वापर सुरू झाला आणि 'गोड' या शब्दाचे मापच बदलले.

बदललेली रूपे

दोन्ही परफ्यूमची नावे जुनी असली तरी आजच्या बाटलीतील द्रव आजीच्या बाटलीतला नाही. नैसर्गिक सिव्हेटची जागा कृत्रिम द्रव्याने घेतली. पिंजऱ्यात कोंडलेल्या प्राण्याच्या ग्रंथी खरवडून ते मिळवले जाई, हे लक्षात घेता या बदलाबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही. बर्गमॉटच्या तेलातील बर्गाप्टेन हे द्रव्य त्वचेवर असताना ऊन लागल्यास काळे डाग पडतात, म्हणून आता ते काढून टाकलेले तेल वापरतात. २००३ च्या युरोपीय नियमानुसार काही त्वचांना न मानवणाऱ्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. लिनालूल व क्युमरीन ही दोन्ही त्या यादीत आहेत. ज्यांना लॅव्हेंडरच्या तेलाने खाज येते त्यांनी जिकीच्या वेष्टनावरील बारीक अक्षरे अवश्य वाचावीत.

झाक यांच्यानंतर त्यांचे नातू झां-पॉल गेर्लँ यांनी घराण्याची सुगंधरचना सांभाळली. १९९४ मध्ये कंपनी एलव्हीएमएच या उद्योगसमूहाकडे गेली आणि २००८ पासून तिएरी वासेर हे अत्तरकार म्हणून काम पाहू लागले. या काळात शालिमारची अनेक उपरूपे निघाली. २०११ चे 'शालिमार पारफँ इनिसियाल' हे त्यांपैकी एक. खरेदी करताना केवळ 'शालिमार' हा शब्द पाहून बाटली उचलल्यास भलतेच परफ्यूम पदरी पडू शकते. जिकीच्या बाबतीत हा गोंधळ फारसा नाही, कारण त्याला शालिमारइतकी लोकप्रियता कधी लाभली नाही.

एकाच परफ्यूमच्या निरनिराळ्या तीव्रताही वेगळ्या वागतात. 'ओ द त्वालेत' या सौम्य रूपात आरंभीचे लिंबूवर्गीय व वनस्पतिज गंध ठळक असतात, 'ओ द पारफँ'मध्ये मधला व तळाचा भाग, आणि 'एक्स्ट्रे' या सर्वांत दाट रूपात तळाचा गंध त्वचेजवळ दीर्घकाळ रेंगाळतो. त्यामुळे दोहोंची तुलना करताना दोन्ही समान तीव्रतेची असावीत. एकाचे एक्स्ट्रे व दुसऱ्याचे त्वालेत घेतल्यास तुलना परफ्यूमची न होता पाण्याच्या प्रमाणाची होते.

निवड

दुकानात कागदाच्या पट्टीवर वास घेऊन निवड करण्याची पद्धत या दोहोंच्या बाबतीत विशेष अपुरी आहे, कारण पट्टीवर जो भाग पहिल्या दहा मिनिटांत कळतो तोच या दोहोंतील सर्वांत अल्पजीवी भाग आहे. जाणकार एका मनगटावर जिकी व दुसऱ्यावर शालिमार लावून, मनगटे एकमेकांवर न घासता, दुकानाबाहेर पडण्याचा सल्ला देतात. पाव तासाने, दोन तासांनी व झोपण्यापूर्वी असा तीनदा वास घेतला की निवड बहुधा आपोआप होते. नाक फार लवकर सरावते आणि दाट व्हॅनिलाला तर विशेषच. सतत हुंगत राहिल्यास वास संपला असे वाटते आणि शेजारच्यांना मात्र तो येतच असतो. शालिमार अति लावले जाते ते बहुतेक या फसगतीमुळे.

हवामानाचा विचार भारतात टाळता येत नाही. उष्णतेने द्रव्ये लवकर उडतात आणि तळाची गोडी वेळेआधी वर येते. पॅरिसच्या हिवाळ्यात लोकरीच्या कोटाखाली जे शालिमार ऊबदार वाटते, ते मुंबईच्या किंवा पणजीच्या मे महिन्यातील दमट दुपारी गुदमरवणारे ठरू शकते. गच्च भरलेल्या लोकलच्या डब्यात तर अधिकच. लॅव्हेंडरमुळे जिकी उन्हाळ्यात अधिक सुसह्य असते, फक्त घामासोबत त्याचा प्राणिज भाग वाढतो हे ध्यानात ठेवावे लागते. पुणे, नाशिक किंवा नागपूरच्या डिसेंबरातील संध्याकाळी ही अडचण राहत नाही. अत्तराचा फाया कानात ठेवण्याची सवय असलेल्यांना शालिमारचे एक्स्ट्रे जवळचे वाटेल. अत्तर तेलात असते व परफ्यूम अल्कोहोलात, तरी अंगाशी राहून हळूहळू उलगडण्याचा गुण दोहोंत सारखा आहे.

प्रसंगाचाही भाग आहे. कार्यालयात, वर्गात किंवा रुग्णालयाच्या प्रतीक्षाकक्षात, जेथे इतरांना उठून जाण्याची सोय नसते, तेथे जिकीचे सौम्य रूप योग्य. लग्नसमारंभ, नाटक, थंडीतील रात्रीची बैठक येथे शालिमार शोभते, कारण तेथे दरवळ अपेक्षितच असतो. ज्याला व्हॅनिलाच हवी, तिच्याभोवतीचे बाकी काही नको, त्याने या दोहोंपैकी एकही घेऊ नये. अशांसाठी केवळ व्हॅनिलावर बेतलेली अनेक परफ्यूम उपलब्ध आहेत आणि ती बहुतांशी स्वस्तही असतात.

व्हॅनिलीन व एथिल व्हॅनिलीन हवा व प्रकाश यांनी हळूहळू तपकिरी होतात. शालिमारच्या द्रवाचा रंग मुळातच गडद सोनेरी असतो आणि जुन्या बाटलीत तो चहासारखा होतो. एवढ्यावरून परफ्यूम बिघडले असे समजू नये. आरंभीचा बर्गमॉटचा वास आंबूस किंवा रॉकेलसारखा झाला असेल तर मात्र ते बिघडलेले असते. बाटली न्हाणीघरात किंवा खिडकीत न ठेवता कपाटात, मूळ खोक्यात ठेवावी. पांढऱ्या सुती व रेशमी कपड्यांवर या दोहोंचे, विशेषतः शालिमारचे, पिवळट डाग पडतात व ते धुऊन सहजी जात नाहीत, म्हणून नऊवारी किंवा सदऱ्यावर थेट न फवारता आधी त्वचेवर लावून, ते वाळल्यावर वस्त्र नेसणे इष्ट असते.